कवडीटोल्याच्या चौकटी

मेथीची जुडी हातात धरून मी बाबूलालच्या फोटो स्टुडिओसमोर उभा राहिलो तो उभाच राहिलो. मागून एक सायकलवाला घंटी वाजवून वाजवून थकला आणि शेवटी "रस्ता काय बापाचा हाये का?" असं खेकसून निघून गेला. रस्ता नव्हता. पण काचेच्या आत जे टांगलं होतं ते बापाचंच होतं. काळ्या पुठ्ठ्यावर चिकटवलेले दोन फोटो, शेजारी शेजारी. डावीकडच्यात घरांच्या दोन ओळी, कवेलूची कौलारू छपरं, मधून सरळ रस्ता, टोकाला उतारावर पाण्याची टाकी. उजवीकडच्यात तीच टाकी, तोच उतार, आणि मध्ये झुडपं, पडक्या भिंती, भिंतींना भगदाडं. खाली पांढऱ्या रंगानं, बाबूलालच्या त्या लग्नपत्रिकेतल्या वळणदार अक्षरात लिहिलेलं: 'कवडीटोला कॅम्प, तेव्हा आणि आता. राखणदारानेच विकून खाल्लेलं गाव.' राखणदार म्हणजे पुंडलिकराव. पुंडलिकराव म्हणजे माझे वडील, जे या वेळी माझ्याच घरी, जिथे ऊन सरकेल तिथे खाट सरकवत, निवांत बसलेले असणार. भंडाऱ्याच्या भर बाजारात त्यांचं नाव न घेता कोणी त्यांना चोर म्हणतंय, आणि त्यांना त्याचा पत्ता नाही. पत्ता असता तरी ते 'बरं' म्हणाले असते. त्यांचं सगळ्याला बरंच असतं.

बाबूलालनं आतून मला पाहिलं आणि हात पुसत बाहेर आला. माणूस चांगला आहे, हीच तर पंचाईत. वाईट माणसावर ओरडायला मला काही वाटत नाही. "काय इश्वरभाऊ, कसा जमला? एकदम सेम अँगल हाये! जुना आमच्या बाबूजींनी काढला होता, सत्तर साली. खाण बंद पडली तेव्हा कंपनीच्या साहेबानं बोलावलं होतं, मालमत्तेचे फोटो पाहिजेत म्हणून. निगेटिव्ह घरातच पडून होती. यंदा दिवाळीनंतर मी गेलो नाकाडोंगरीकडे एका लग्नाचे फोटो काढाले, तं म्हटलं चला, पाहून येऊ. त्याच जागी उभा राहिलो. दगडसुद्धा तोच!" मी म्हणालो, "आणि हे खाली काय लिहिलं?" "ते होय? तिथल्या चहावाल्यानं सांगितलं. कोणी राखणदार होता म्हणे, एकेक दार विकून मोकळा झाला. लोकं थांबून वाचतात ना भाऊ! नुसत्या पडक्या भिंती कोण पाहाते?" इथे मी बोलायला हवं होतं. दोन शब्द पुरे होते. पण दिवसभर कापडाच्या दुकानात 'या ताई, बसा ताई, हा रंग तुम्हाला खुलून दिसतो ताई' करून करून माझ्या जिभेला आता तेवढंच येतं. राग येतो, भरपूर येतो, पण तो वर यायच्या ऐवजी खाली उतरतो आणि आम्लपित्त होऊन बसतो. मी काय म्हणालो? "छान आहे" म्हणालो. वर "याच्या कॉप्या असतील तर दोन दिवस दे, घरी दाखवतो" असंही म्हणालो. त्यानं मोठ्या कौतुकानं पाकिटात घालून दिल्या. मेथी आणि पाकीट एकाच हातात धरून मी घरी निघालो आणि वाटभर स्वतःला शिव्या घालत राहिलो.

खरं सांगायचं तर त्या ओळीनं मला एवढं पेटवलं, कारण ती खरी की खोटी हेच मला माहीत नव्हतं. बाबूलालला 'पूस ते' म्हणून दटावायला काय लागतं? पण 'काहून पुसू? झालं नाही का तसं?' असं त्यानं उलट विचारलं असतं तर माझ्यापाशी उत्तर नव्हतं. बाप घरात आहे, मी घरात आहे, रोज एका पंगतीला जेवतो, आणि मला हे ठाऊक नाही की त्यानं चोरी केली की नाही. असल्या घराला काय म्हणावं! शाळेत असताना मी त्यासाठी मारामाऱ्या केल्या. आंबागडला मामाकडे राहून शिकत होतो तेव्हा पोरं मला 'चौकटचोराचा' म्हणायची आणि मी एकेकाच्या अंगावर धावून जायचो, धूळ खायचो, शर्ट फाडून घ्यायचो. पण धावून जातानासुद्धा आत एक बारीक आवाज म्हणायचा, इश्वर, पाहिलं तर तूही आहे. आणि मी पाहिलं होतं. माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

कॅम्प म्हणजे मॅंगेनीजच्या खाणीवरच्या मजुरांची वस्ती. खाण बंद पडली तेव्हा पहिल्यांदा भोंगा थांबला. जन्मल्यापासून जो आवाज दिवसाचे तुकडे पाडत होता तो गेला आणि दिवस लांबच लांब झाला. मग माणसं गेली. कोणी बालाघाटकडे दुसऱ्या खाणीवर, कोणी आपापल्या गावाला, कोणी मेव्हण्याकडे. मॅंगेनीजची काळी भुकटी तेवढी राहिली. ती पाण्यात, भातात, कानात, नखांत सगळीकडे असायची आणि आई गेल्यावरही तिच्या जुन्या लुगड्याच्या घडीत मला सापडली. कंपनीनं वडिलांना राखणदार म्हणून ठेवलं. खाकी सदरा, काठी, शिट्टी. घरांच्या दोन ओळींत राहणारे आम्ही तिघंच, वडील, आई आणि मी. वडील सकाळ-संध्याकाळ दोन्ही ओळी चालायचे, प्रत्येक दारावर काठी आपटायचे आणि पुढे जायचे. आत कोणी नसायचं, तरी आपटायचे. मी त्या रिकाम्या घरांत शिरायचो. कुणाच्या चुलीत अजून राख, कुणाच्या कोनाड्यात तेलाचा डाग, कुणाच्या भिंतीवर पोराच्या उंचीच्या रेघा. तिथे ओरडलं की आवाज परत यायचा, आणि तो माझा वाटायचा नाही. मग घाबरून मी पळत आईपाशी जायचो आणि ती म्हणायची, "कायले जातेस दुसऱ्याच्या घरात? थे येतील तं काय म्हनतील?" जणू ती माणसं बाजाराला गेली होती!

आणि माणसं आली. खरंच आली. दसरा उलटल्यावर एक दिवस, ऊन उतरताना, बैलबंडी वाजली. कोण होतं ते मला आठवत नाही, डोक्याला मुंडासं बांधलेला माणूस आणि त्याची बायको. वडील त्यांच्याशी हळू बोलले. मग सब्बलचा, लोखंडी पहारीचा आवाज. ठण्, ठण्, आणि माती पडल्याचा. दात उपटावा तशी घराची चौकट निघाली, उंबरठ्यासकट, बंडीत भाताच्या तणसावर आडवी ठेवली आणि ते गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घराला दार नव्हतं, भोक होतं. मग दुसरी बंडी. मग तिसरी. नेहमी सांजेलाच. मातीच्या विटांची भिंत चौकटीच्या माथ्यावर उभी असते हे मला तेव्हा कळलं. चौकट गेली की वरच्या विटा झुकतात, मग कवेलू घसरतात, मग एक पाऊस पुरे होतो. दोन पावसाळ्यांत सगळा कॅम्प खाली बसला. मग जीप आली, साहेब उतरला, वडील त्याच्यापुढे टोपी हातात घेऊन उभे, आणि मी टाकीमागून पाहतोय. ऐकू काही आलं नाही. वडिलांनी मान हलवली एवढं दिसलं. होकारार्थी. त्याच दिवशी आम्ही ट्रंक आणि भांडी घेऊन निघालो. रस्त्यात आई रडत होती, पण ती रागानं रडत होती, हे मला पोरवयातही समजलं.

आईचा राग तर मरेपर्यंत गेला नाही. कॅम्पात कंपनीनं भिंती आणि छप्पर दिलं होतं, चौकट मात्र ज्याची त्यानं बसवायची. आमची चौकट आईच्या वडिलांनी आंबागडाकडून बंडीत घालून आणली होती, सागाची. ब्राह्मण बोलावून, हळदकुंकू लावून, नारळ फोडून बसवली होती. भंडाऱ्याला आल्यावर आम्ही भाड्याच्या घरात राहिलो, अजूनही राहतो. दसऱ्याला साऱ्या आळीची दारं आंब्याच्या पानांनी सजायची आणि आमचं दार बोडकं. "परक्याच्या चौकटीले मी तोरन नाही बांधत," आई म्हणायची, "माझी चौकट तिथीच राहिली." आणि खाटेवर बसलेल्या वडिलांकडे असं पाहायची की दुसरा माणूस असता तर उठून गेला असता. वडील उठायचे नाहीत. मी समजून होतो की आमचीही इतरांसारखीच कुठेतरी गेली असणार, आणि लाजेपोटी आई 'राहिली' म्हणते. विचारलं नाही. आमच्या घरात विचारायची पद्धतच नाही, एकानं गप्प बसायचं आणि दुसऱ्यानं समजून घ्यायचं. समजून घेता घेता मी तिशीला आलो.

रविवारी दुकान बंद. जेवण झाल्यावर मी दोन्ही फोटो टेबलावर मांडले, बारीक अक्षर वाचायचं भिंग घेतलं आणि बसलो. माझी बायको गीता भांडी घासता घासता दोनदा डोकावून गेली. "त्यात काय सोनं पुरलंय का?" म्हणाली. मी काय पाहतोय हे मलाच धड सांगता आलं नसतं. पहिल्यांदा मला जुन्या फोटोचा राग आला. बाबूलाल म्हणतो तेव्हा आणि आता. अरे, तेव्हाच्या फोटोत तरी माणूस कुठे आहे? एकही नाही. रस्ता साफ, ओटे साफ, एक कुत्रंसुद्धा नाही. कारण साहेबानं सांगितलं होतं की मालमत्तेचा फोटो आहे, मालमत्तेत माणूस येता कामा नये. आम्ही सगळे फोटोवाल्याच्या मागे उभे होतो. मला आठवतं, माझ्या पुढे आईचं लुगडं होतं आणि तिनं माझं तोंड दाबून धरलं होतं, मी खोकू नये म्हणून, जशी काही खोकलल्यानं माती हलणार होती. म्हणजे माणसांनी भरलेलं गाव त्या दिवशी कॅमेऱ्याच्या मागे गेलं ते पुन्हा पुढे आलंच नाही. आणि हा बाबूलाल आता त्याच दगडावर उभा राहून म्हणतो, पाहा, कसं ओस पडलं! ओस तर डावीकडचंही आहे. फरक काय तो दारांचा. डावीकडे दारं आहेत, उजवीकडे भोकं आहेत. आणि ती भोकं वडिलांच्या पहाऱ्यात पडली.

मी एकेक घर जुळवू लागलो. वाटतं तेवढं ते सोपं नाही. ज्या जागेत लहानपण गेलं ती डोळे मिटून चालता येते, पण कागदावर धरली की सगळी उलटीपालटी होते. टाकीपासून सुरुवात केली तर नळाचा ओटा सापडेना. नळाचा ओटा सापडला असं वाटलं तर तो एका पडक्या भिंतीचा कोपरा निघाला. जिथे रस्ता होता तिथे पळसाची झुडपं, आणि बाबूलाल कितीही छाती ठोकून सांगो, तो त्याच दगडावर नव्हता. दोन हात तरी डावीकडे सरकला होता, त्यामुळे सगळ्या रेषा मला चकवत होत्या. डोळे चुरचुरायला लागले. चीड यायला लागली. माझंच घर मला सापडू नये! मग उजवीकडच्या फोटोत, खालच्या ओळीत, सगळी पडझड चालली असताना मध्येच एक भिंत सरळ उभी दिसली. अख्खी. वर कवेलूच्या दोन ओळीसुद्धा शाबूत. भिंग नेलं. भिंतीच्या मधोमध काळा चौकोन होता आणि त्याला कडा होत्या. सरळ, जाड कडा. चौकट होती. त्या सबंध गावात तेवढी एकच. मी जुन्या फोटोत बोट ठेवून नळाच्या ओट्यापासून पुन्हा आलो, आणि पुन्हा, आणि शंका राहिली नाही. ते आमचं घर होतं.

मला असा संताप आला की भिंग टेबलावर आपटलं. हे म्हणजे पुरावाच झाला! चोरसुद्धा आपलं घर सोडून चोरी करतो. जगाच्या चौकटी काढून विकल्या आणि आपल्या घराला हात लावला नाही. आणि ज्या बाईच्या बापानं ती आणली तिला मात्र जन्मभर परक्याच्या दारात ठेवलं! एवढी धमक होती तर तिची तिला आणून द्यायची, चोरी केली तर निदान घरासाठी केली असं तरी झालं असतं. मी दोन्ही फोटो उचलले आणि ओसरीत गेलो. गीतानं मागून "अहो, आता काय झालं?" विचारलं, तिच्या आवाजात काळजी होती, पण थांबायच्या मनःस्थितीत मी नव्हतो. बोलायचंच होतं. आजच बोलायचं होतं.

वडील खाटेवर पाय घेऊन बसले होते. मी फोटो त्यांच्या मांडीवर टाकले. त्यांनी चष्मा शोधला, पुसला, घातला, पुन्हा काढून पुसला. शेवटी त्यांनी जुना फोटो उन्हाकडे धरला आणि त्यांचा चेहरा उजळला. "कॅम्प हाये ना हा? कोनं काढला? साजरा आला."

"साजरा! दुसरा पाहा ना, बाबा."

त्यांनी दुसरा पाहिला. बराच वेळ पाहिला. मग त्यांचं बोट एका भोकावर टेकलं. "हे खेमराजचं. थ्याची चौकट आता नाकाडोंगरीले हाये, पोराच्या घराले लावली. मी गेलतो ना वास्तूले. हे देवाजीचं. हे..." बोट पुढे सरकलं, "हे गुलाबचं. थ्याची चौकट उधईनं खाऊन पोकळ केलती, मी म्हनलो नको नेऊ बापा, तं आयकते का! बायको म्हने लगनात हिच्यातूनच आली मी, हीच पायजे. नेली. अर्धी वाटेतच झडली असंन." आणि ते हसले. मला वाटलं मी आता काहीतरी फोडणार.

"बाबा, लोकं म्हनतात तुमी इकल्या."

"हो, म्हनतात."

"इकल्या का?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी हे तोंडानं बोललो होतो. आवाज चिरका निघाला. आतमध्ये भांड्यांचा आवाज थांबला. गीता ऐकत होती.

"कायले इकीन?" वडील म्हणाले. रागावले नाहीत, याचाच मला राग आला. "त्यायच्याच होत्या. इटा कंपनीच्या, कवेलू कंपनीचे, चौकट ज्याची त्याची. थे आले, म्हनले पुंडलिकराव, घर बांधून राहिलो, चौकट द्या. मी म्हनलो न्या. दुसऱ्याची चीज ठेवून मी काय करू?"

"मंग सांजेलेच काहून येत होते सारे? चोरावानी?"

"धानकापनी होती ना रे. दिवसा कोन रिकामा राहाते? कापनी करून येत होते बिचारे."

झालं. ज्या सांजवेळेनं मला सारं बालपण पोखरलं होतं, त्या सांजवेळेत धानाची कापणी होती. मला हसू यावं की रडू तेच कळेना. पण राग अजून उतरायला तयार नव्हता, तो इतक्या वर्षांचा होता, त्याला असा एका वाक्यात कुठे जाता येतं? "आन साहेबाले हे सांगता नाही आलं? तिथी मान डोलावली तुमी! मी पाहिलं!"

"सांगतलं ना. साहेब म्हने, चौकटी कुठी गेल्या? मी म्हनलो, ज्याच्या त्याच्या घरी गेल्या. थो म्हने, भिंतीत बसली थे कंपनीची. मी म्हनलो, साहेब, हळद तं त्यायच्या बायकायनं लावली. थो हासला. मंग म्हने, तूच सोडल्या ना? मी म्हनलो, हो. खोटं काहून बोलू?"

"मले शाळेत पोरं चोराचा म्हनत होते. मले तं सांगाचं!"

"तू कवा इचारलं?"

मी खाटेच्या कडेवर बसलो. ऊन ओसरीच्या भिंतीवर चढलं होतं. मग मला ती एक सरळ भिंत आठवली, ज्यासाठी मी बाहेर आलो होतो, आणि पुन्हा आत काहीतरी उसळलं. मी नव्या फोटोवर बोट आपटलं. "आन हे? जगाच्या चौकटी वाटल्या, आन आपली तेवढी ठेवली? आई मरेपर्यंत तळमळली त्या चौकटीसाठी. तिचीच तिले द्याले काय झालतं तुमाले?"

वडिलांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. इतका जवळ की त्यांचा श्वास त्यावर धुकट उमटला. "अजून उभी हाये?" ते म्हणाले. "भिंत बी उभी हाये म्हना." मग फोटो खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी काहीतरी फारच साधी गोष्ट विचारतोय असं. "आपली कशी काढू? मी राखनदार होतो ना बापू. लोकायची लोकायले देल्ली थे देनं झालं. आपल्याच पहाऱ्यातून आपलीच उचलून नेली असती तं थे चोरी झाली असती. तुह्या आईले हेच समजत नव्हतं." थोड्या वेळानं ते पुन्हा फोटोकडे वळले आणि स्वतःशीच म्हणाले, "एक तं राहिली माझ्या पहाऱ्यातली."

मी त्या माणसाला ओळखत नव्हतो. अठ्ठावीस-तीस वर्षं ज्याच्या शेजारी जेवलो तो हा. मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं आणि त्याच वेळी त्याला धरून गदगदा हलवावंसं वाटलं. अहो, असं कुठे असतं का? दुसऱ्याला दिलं ते देणं आणि बायकोला दिलं तर चोरी! हा कसला हिशेब! आईची बाजू घेऊन मी भांडायला पाहिजे होतं, ती असती तर भांडलीच असती, पण तिच्या भांडणातला अर्धा भाग या माणसाबद्दलचा अभिमानही असावा असं मला पहिल्यांदाच वाटलं, आणि त्यानं माझी आणखीच चिडचिड झाली. रात्री झोप नीट लागली नाही. गीता वडिलांना मामाजी म्हणते; ती म्हणाली, "मामाजींनी काही केलं नाही ना, मग तुमाले अजून काय पाहिजे?" काय पाहिजे ते मला माहीत होतं. ती पुठ्ठ्यावरची ओळ पुसली जायला पाहिजे होती, आणि ती चौकट पाहिजे होती. वडिलांना नोकरीवरून काढल्याला वीस वर्षं झाली, कंपनी कुठे आहे कोणाला ठाऊक. आता तरी आणायला काय हरकत आहे? वडिलांना विचारायचंच नाही. आणून दारात उभी करायची.

सोमवारी दुकानात जाण्याआधी मी स्टुडिओत गेलो आणि दम घ्यायच्या आत बोलून टाकलं. "बाबूलाल, तो राखणदार माझा बाप आहे. त्यानं एकही चौकट विकली नाही. ज्याच्या होत्या त्याला दिल्या." बाबूलालच्या हातातला चहाचा कप हिंदकळला. "अरे बापा रे!" त्यानं दोन्ही कान धरले. "माफ करा भाऊ! अरे, त्याच दिवशी सांगाचं ना! तोंडानं 'छान हाये' म्हणता तुमी!" त्यानं लगेच पुठ्ठा उतरवला, फडक्याला रॉकेल लावलं आणि ती ओळ घासून काढली. पांढरा डाग राहिला तेवढा. मला वाटलं होतं तेवढं बरं वाटलं नाही, पण बरं वाटलं. मी म्हणालो, "आता आणखी एक काम. मला त्या जागी घेऊन चल. त्या फोटोत एक चौकट उभी आहे, ती आमची आहे, ती आणायची आहे." बाबूलालचा चेहरा पडला. तो खाली पाहू लागला. "भाऊ," तो म्हणाला, "आत या."

आतल्या खोलीत, जिथे तो नवराबायकोचे फोटो काढतो, तळ्याचा आणि राजहंसांचा पडदा टांगलेला होता. त्या पडद्यापुढे चौकट उभी होती. तिला चकचकीत पॉलिश मारलं होतं आणि वरून प्लॅस्टिकची वेल सोडली होती. माथ्याच्या पाटीवर दोन राघू कोरलेले, एकाची चोच तुटलेली. ती मी गोटा मारून तोडली होती आणि आईचा मार खाल्ला होता. "फोटो काढला आणि मग पाहिलं, सागाची हाये," बाबूलाल बोलत होता, "म्हटलं इथं सडून जाईल. ट्रकवाल्याले विनवून आणली. कोणाची असंन असं डोक्यातच आलं नाही भाऊ. पोजसाठी लोकं मागतात, जुनी चौकट..." मी त्याच्या अंगावर ओरडलो. चोर म्हणालो. दुकानात शिकलेलं सगळं गोड बोलणं कुठे गेलं कोण जाणे. बाहेर दोन माणसं जमा झाली. त्यानं स्वतः जाऊन हातठेला आणला, स्वतः वेल काढली, स्वतः चौकट उचलायला हात लावला, आणि मी ओरडत असताना माझ्याच डोळ्यांतून पाणी येत होतं.

बाजारातून ठेला चालला. ओळखीचे लोक हाक मारत होते, "काय इश्वरभाऊ, घर बांधून राहिले का?" मी एकाला हो म्हणालो, एकाला नाही म्हणालो. घर कुठलं! भाड्याच्या घराला घरमालकाची चौकट आहे, ही कुठे बसवणार? पण त्या वेळी मला तो विचार नको होता. मला फक्त वडिलांचा चेहरा पाहायचा होता. आता ते काहीतरी बोलतील, निदान आईचं नाव तरी घेतील, असं मनात घोळवत मी ठेल्यापुढे चालत होतो. गीता दारात आली आणि तोंडाला पदर लावून उभी राहिली.

आम्ही चौकट ओसरीच्या भिंतीला टेकवली. वडील खाटेवरून उठले. हळूहळू आले. त्यांनी उंबरठ्यावर हात ठेवला, मग उभ्या लाकडावरून हात वर नेला, राघूंपर्यंत. मी वाट पाहत होतो.

"कोनं काढली?" त्यांनी विचारलं.

"बाबूलालनं. फोटोवाल्यानं."

"थ्याची होती?"

"नाही."

वडील माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे मी कधी तसे पाहिले नव्हते. कॅम्पात असताना, खाकी सदऱ्यात, पाहिले असतील तर मला आठवत नाहीत. "मंग थ्याले कोनं हटकलं नाही?" ते म्हणाले. आवाज चढला होता. "सरळ येऊन काढून नेली? तिथी राखनदार नव्हता का कोनी?"

"नव्हता बाबा," मी म्हणालो. "तुमाले काढलं, मंग कोनी ठेवलाच नाही."